हळद न लागलेली पत्रिका

१

सोमवारी सकाळी शिवराजच्या छापखान्यात विमा कंपनीचं पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. आपले कर्मचारी श्री. विश्वेश यांनी मागच्या वर्षीच वयाची साठ वर्षं पूर्ण केल्याचा पुरावा मिळाला आहे. आपल्या गटविम्यात साठीपर्यंतच संरक्षण आहे. सबब त्यांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव कमी केलं आहे. शिवाय वय खोटं कळवल्याबद्दल पूर्ण गटाची पॉलिसी रद्द का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

पुरावा सोबत जोडला होता. विश्वेशच्या षष्ट्यब्दपूर्तीची निमंत्रणपत्रिका, याच छापखान्यात छापलेली.

छापखान्यात अकरा माणसं. अकरा कुटुंबांचा दवाखाना त्या एका पॉलिसीवर चालायचा. पण दहा कुटुंबांना पंधरा दिवस होते. विश्वेशच्या बायकोला, अंबाला, नऊच. नवव्या दिवशी तिरुच्चीला तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली होती. रुग्णालयानं त्याच दुपारी फोन करून कळवलं की विमा कंपनीनं मंजुरी मागे घेतली, तेव्हा खाट दुसऱ्याला देऊ का.

ती पॉलिसी मी विकलेली. माझं नाव सेतुमाधव. चाळीस वर्षं मी तंजावुरात विमा विकला. एका गृहस्थांना मी त्यांच्याच तेराव्याला पॉलिसी विकली, असं मी सांगत असतो. त्यांच्या घरचे म्हणतात, बारावा होता. तेव्हा माझं बोलणं थोडं पाखडून घ्यावं. ही गोष्ट मात्र पाखडायला लागणार नाही, कारण हिच्यात मी एकही थाप मारू शकलो नाही. का, ते पुढे येईलच.

पत्र घेऊन मी विश्वेशच्या घरी गेलो. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्या. रडणारं घर मला चालतं. रडणाऱ्या घरात काय बोलायचं ते मला पाठ आहे. इथे कुणी रडत नव्हतं. विश्वेश पाटावर बसून भेंडी चिरत होता. अंबा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कारण बसली की तिला उठायला दम लागायचा. पत्र मी वाचून दाखवलं. दोघांनी ते रेशनच्या दुकानाची वेळ ऐकावी तसं ऐकलं.

नवी पॉलिसी घेता येणार नाही का, असं विश्वेशनं विचारलं. घर पेटल्यावर आगीचा विमा कोण देतो, असं मी म्हणालो. मग मीच विचारलं. कागदावर तू अठ्ठावन्नचा आहेस. एकदा लेखी दे की साठ झालेली नाहीत, बाकीचं मी बघतो.

त्यानं अंबाकडे पाहिलं. मग भेंडीकडे.

"झालीत, मामा," तो म्हणाला. "साठ मागच्याच वर्षी झालीत."

२

वरलक्ष्मी माझी वहिनी. माझा थोरला भाऊ गेल्याला बारा वर्षं झाली. विमा कंपनीत तिनं तीस वर्षं दाव्यांची चौकशी केली. मी विकायचो आणि ती खोटं पकडायची. एकाच घरात मांजर आणि उंदीर एका ताटात जेवायचे. माझे सात दावे तिनं नामंजूर केलेत. आठवा भावानं घरी रडून मंजूर करून घेतला असं मी सांगतो, पण ते सोडा.

मी सगळं सांगितलं. ती नारळ खवत होती, खवतच राहिली.

"तो हो म्हणाला तेव्हा अंबा तिथे होती?"

"दारातच."

"आणि आधी तिच्याकडे पाहिलं?"

मी मान हलवली.

"भाऊजी, ज्याच्या बायकोचा जीव 'नाही' म्हटल्यानं वाचतो, तो माणूस इतक्या सहज 'हो' म्हणत नाही. घासाघीस करतो, वेळ मागतो, तुमच्यासारख्याला विचारतो काही जमेल का. हा सरळ कबूल झाला. म्हणजे तो काहीतरी झाकतोय." तिनं खवणी उभी केली. "चला, मूळ पत्रिका बघू."

शाखेत सतीशकुमार होता. तिच्याच हाताखाली शिकलेला. तिला पाहून उभा राहिला, बसायला सांगितलं तरी बसेना. पत्रिका साध्या लिफाफ्यातून आली, असं त्यानं सांगितलं. शिक्का मोठ्या पोस्टाचा, पाठवणाऱ्याचं नाव नाही. वय चोरणारे रोज भेटतात, अक्का, पण कुणी माणूस स्वतःच्या साठीची पत्रिका छापून गावभर वाटतो आणि आम्हाला अठ्ठावन्न सांगतो, असा पहिलाच, असंही म्हणाला.

वहिनीनं पत्रिका उजेडात धरली. एकेक कोपरा अंगठ्यानं चाचपला. मग उलटली. मागे पेन्सिलीनं एक लांब आकडा लिहिला होता. तो विम्याच्या कार्डाचा नंबर होता, एवढं मलाही कळलं.

"तंबी," तमिळमध्ये धाकट्या भावाला हाक मारावी तसं ती म्हणाली, "हा नंबर कुणाचा?"

सतीशकुमारनं यंत्रावर पाहिलं. एका कुटुंबातल्या प्रत्येकाला वेगळं कार्ड असतं. कर्मचाऱ्याच्या नंबरच्या शेवटी एक, पत्नीच्या शेवटी दोन. या आकड्याच्या शेवटी दोन होता.

वहिनीनं पत्रिका परत दिली, आणि बाहेर आल्यावर मला विचारलं की माझ्याकडे विश्वेशच्या साठीची पत्रिका आहे का. होती. घरी जाऊन काढली. चारी कोपरे पिवळे. मंगलकार्याची पत्रिका चार कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नसते. तशीच दिली तर ती अशुभाची चिठ्ठी झाली.

"कंपनीला आलेल्या पत्रिकेला हळद नव्हती," ती म्हणाली. "म्हणजे ती कुठल्या पाहुण्याकडून आलेली नाही."

३

हळद न लागलेल्या पत्रिका दोनच ठिकाणी असू शकतात. जिथे छापल्या तिथे, नाहीतर ज्यांच्या घरचं कार्य त्यांच्याकडे.

छापखान्यापासून सुरुवात केली. शिवराजला कारण होतं. इतका मोठा दावा झाला की पुढच्या वर्षी गटाचा हप्ता चढतो, हे मीच त्याला समजावून सांगितलं होतं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्याच्या टेबलावर ते पत्र पडलं होतं आणि त्यावर त्यानं चहाचा पेला ठेवला होता. मला पैसे वाचवायचे असते तर पुढच्या वर्षी पॉलिसी चालू ठेवणार नाही, एवढं एक वाक्य कंपनीला पुरलं असतं, असं तो म्हणाला. आपल्याच पायावर धोंडा पाडायला पोस्टाची तिकिटं कोण लावेल. आता दहा घरांतल्या बायका रोज दारात येऊन उभ्या राहतात, आणि त्याला कुणाकडे बघावं ते कळत नाही.

वहिनीनं ते मान्य केलं. अख्ख्या गटावर गदा येईल असं पत्र मालक स्वतःहून ओढवून घेणार नाही.

मग मुरली. विश्वेशच्या हाताखालचा यंत्रवाला, वय चाळीस, हात कोपरापर्यंत शाईचे. विश्वेश साठीचा ठरला तर तो निवृत्त, आणि त्याची जागा मुरलीची. मुरलीनं हे लपवलं नाही. गल्लीत सगळे मलाच म्हणतायत, असं तो म्हणाला. काल त्याच्या बायकोला कुणी पाण्याच्या रांगेत जागा दिली नाही.

"दीडशेची मागणी होती. मी दहा जास्त छापल्या, रंग बसेपर्यंत वाया जातात म्हणून. असक्या एकत्र बांधून विश्वेशदादाच्या हातात दिल्या." असक्या म्हणजे सगळ्या, हे आमचं तंजावुरी मराठी.

"एकही ठेवली नाहीस?"

"एक ठेवतो. नमुन्याच्या वहीत."

त्यानं वही काढली. पानावर पत्रिका चारी बाजूंनी खळ लावून चिकटवलेली होती, वर वर्षभराची धूळ. कुणी काढून परत चिकटवली असती तर खळीचा डाग दिसला असता. नव्हता.

मुरलीनं वही मिटताना सहज विचारलं, दादाची बायको वाचेल का. वहिनीनं पत्रिका परत उघडायला लावली. त्यावरचा मुहूर्त तिनं दोनदा वाचला. वैकाशी महिना, हस्त नक्षत्र, सिंह लग्न.

"भाऊजी, साठीचं कार्य कधी करतात?"

साठ पुरी झाल्यावर, असं मी म्हणालो.

"कुठल्या दिवशी?"

"जन्मनक्षत्राच्या. ज्या महिन्यात ज्या नक्षत्रावर जन्मला, त्याच." आणि मग मी बोटांवर महिने मोजले. कारण विश्वेशची पहिली पॉलिसी मीच भरली होती आणि त्याचा जन्म पंगुणी महिन्यातला, हे मला पक्कं आठवत होतं. कार्य मात्र त्यानंतर दोन महिन्यांनी झालं होतं.

"हस्त," वहिनी म्हणाली. "हस्तावर काय करतात, सांगा बरं. लग्नं करतात."

४

गल्लीच्या तोंडाशी पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ आहे, चार माणसं उभी राहिली की पाचवं रस्त्यावर. तिथले पुजारी, गुरुक्कळ, पंचाहत्तरीचे. गावातल्या लोकांची नावं ते विसरतात, नक्षत्रं विसरत नाहीत. अर्चना करायची तर भक्तानं नाव आणि नक्षत्र सांगायचं, ते देवाला ऐकवायचं, चाळीस वर्षं हेच.

वहिनीनं विश्वेशचं नक्षत्र विचारलं.

"कुणी सांगितलेलं?" गुरुक्कळ म्हणाले.

आम्हाला कळलं नाही.

त्यांनी उदबत्तीची राख झाडत सांगितलं. चौतीस वर्षं नवरा येवो की बायको, विश्वेशच्या नावानं अनुराधा नक्षत्र सांगायचे. मागच्या वैकाशीपासून दोघं वेगळं सांगतात. अंबाम्मा येते तेव्हा हस्त. तो एकटा येतो तेव्हा अनुराधा. दोघं मिळून आले तर तो गप्प राहतो, ती सांगते. मी काय, मला सांगितलं ते म्हणतो. कुठलं खरं ते पिळ्ळैयारला ठाऊक.

वहिनी देवळाच्या पायरीवर बसली. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पण तेवढ्यासाठी ती बसली नव्हती. बराच वेळ ती समोरच्या फुलवाल्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा एखादा दावा निकाली काढल्यावर व्हायचा तसा झाला होता, म्हणजे काहीच न झाल्यासारखा.

"माणूस विमा कंपनीशी खोटं बोलतो," ती म्हणाली. "बायकोशी बोलतो. पण देवापुढे एकटा उभा असताना चुकीचं नक्षत्र कोण सांगेल? पुण्य दुसऱ्याच कुणाला जायचं. अनुराधा खरं. विश्वेश अठ्ठावन्नचाच आहे."

मग सुटलो, असं मी म्हणालो.

"सुटलो कसे? अंबा हस्त सांगते. म्हणजे तिला खरंच वाटतं की तो साठीचा आहे. घरात हळद न लागलेल्या उरल्यासुरल्या पत्रिका आहेत. आणि ज्याला विश्वेशवर सूड घ्यायचा तो विश्वेशचा नंबर लिहील, भाऊजी. तिचा कोण लिहितो? जिच्या बटव्यात ते कार्ड रोज दवाखान्यात जातं ती."

५

गुरुवारी सकाळी आम्ही त्या दोन खोल्यांत बसलो. कॉफी आली. कुणी प्यायली नाही.

वहिनीनं आडवळण घेतलं नाही. अंबाला सरळ विचारलं, आणि अंबानं सरळ हो म्हटलं. विश्वेश पेला धरून बसला होता, तो तसाच धरून राहिला.

अंबानं सांगितलं ते असं. मागच्या वर्षी नवऱ्यानं एकदा जेवताना सांगितलं की लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांना दाखवलेली कुंडली खरी नव्हती. जुळत नव्हती म्हणून त्याच्या वडिलांनी तीन वर्षं, महिना आणि नक्षत्र बदलून नवी लिहवून घेतली; शाळेत घालताना लावलेली कमी वयाची तारीख होतीच, तीच तिथे वापरली. खरं तर तो आता साठीचा. आमच्यात कुंडल्या अशा जुळवून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे तिला शंका आली नाही. साठीचं कार्य झालं, साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात तसं तिरुमांगल्य, म्हणजे मंगळसूत्र, दुसऱ्यांदा गळ्यात पडलं, ती खूश होती. मग ऑपरेशन ठरलं आणि विम्याचे कागद तिच्यापुढे सही करायला आले. त्यांच्यावर अठ्ठावन्न होतं.

"खोट्या कुंडलीनं लग्न झालं, ते झालं," ती म्हणाली. "तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत असून त्याच खोट्यावर छाती उघडू? आमची दोघांची नावं निघतील आणि संपेल, एवढंच वाटलं होतं. बाकीच्या दहा घरांचं मला कुठे ठाऊक होतं, अक्का."

आवाजात राग नव्हता. वाणसामानाची यादी वाचावी तसा आवाज.

वहिनीनं विश्वेशकडे वळून विचारलं की तो एकटा असताना देवळात कुठलं नक्षत्र सांगतो.

विश्वेशनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं मी ती नजर ओळखतो. लोक ती नजर माझ्याकडे घेऊन येतात आणि मी त्यांना एक बरीशी थाप देतो. त्या वेळी माझ्याकडे तीन तयार होत्या, तिन्ही चांगल्या. एकीत तर गुरुक्कळांना विसरभोळे ठरवून सगळंच मिटत होतं. पण कुठलीही दिली तरी कंपनीच्या कागदावर विश्वेश साठीचाच राहत होता, आणि तिरुच्चीची खाट जात होती.

"सांग," मी म्हणालो. माझ्या तोंडून इतका छोटा शब्द फारसा निघत नाही.

तो तिच्याकडे न बघता बोलला.

"मागच्या उन्हाळ्यात तू तपासायला गेलीस, तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ऑपरेशन सोसणार नाही म्हणाले. दीड वर्ष, फार तर दोन. माझी साठी तीन वर्षांवर होती."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होईना.

"तुझ्या आईवडिलांची साठी झाली तेव्हापासून तू म्हणायचीस. आपली कधी, आपली कधी. मी वाध्यारांकडे जाऊन लग्नाचा मुहूर्त काढून आणला. त्यांना खरं सांगितलं होतं. नंतर तिरुच्चीचे डॉक्टर म्हणाले करता येईल, तेव्हा मला वाटलं, हे पुढे कधीतरी सांगू."

"कुंडली?" अंबानं विचारलं.

"खरीच. पहिल्यापासून खरी. माझ्या अप्पांनी काही बदललं नव्हतं. मेलेल्या माणसावर घातलं, तेवढं पाप केलं."

 अंबा चौकट सोडून आत गेली. बाहेर आली तेव्हा साडी बदललेली होती आणि हातात बटवा होता.

"कंपनी किती वाजता बंद होते?" तिनं मला विचारलं.

६

सतीशकुमारनं नगरपालिकेच्या जन्मनोंदीचा उतारा मागवला. तो शाळेच्या दाखल्याशी जुळला. वाध्यारांनी, म्हणजे कार्य लावणाऱ्या भटजींनी, मुहूर्त लग्नाचा होता अशी चिठ्ठी दिली. वयाच्या विरुद्ध एवढी एकच पत्रिका आहे, असं तो म्हणाला, तेव्हा तिचा खुलासा दोघांच्या सहीनं लागेल. कार्य तीन वर्षं आधी का केलं त्याचं कारण स्पष्ट लिहायचं. म्हणजे मग त्याच्या वरच्यांना काही विचारायला जागा उरत नाही.

विश्वेशनं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.  अंबानं कागद आपल्याकडे ओढला आणि तमिळमध्ये लिहू लागली. आमच्यात देवनागरी लिहिणारे आता फारसे उरलेले नाहीत, घरात बोलायचं मराठी, कागदावर तमिळ. तिनं लिहिलं, मी दोन वर्षांपेक्षा जास्त जगणार नाही असं डॉक्टरांनी माझ्या यजमानांना सांगितल्यामुळे. तिथे थांबली.

"डॉक्टरांचं नाव घालायचं का?" तिनं विचारलं.

सतीशकुमार म्हणाला, गरज नाही. मग त्यानं पाणी मागवलं.

तिनं वाक्य पुरं केलं, तारीख घातली, सही केली, कागद नवऱ्यापुढे सरकवला. त्यानंही केली. सतीशकुमारनं कागद घेऊन आत जाऊन तासभर फोन केले. वहिनी भिंतीवरची सूचना वाचत बसली होती, जी तिनंच कधीकाळी लिहिली होती. चार वाजता तो बाहेर आला. दोन्ही नावं परत चढली होती. गटाला पाठवलेली नोटीस मागे. तिरुच्चीला मंजुरी गेली, खाट तिचीच.

कुणी हुश्श केलं नाही. विश्वेशनं फक्त मान हलवली आणि टेबलावरचं पेन जागच्या जागी ठेवलं.

बाहेरच्या बाकावर रिक्षाची वाट बघत ती दोघं बसली. मी आणि वहिनी दोन हात लांब. वहिनीनं मला कोपरानं खुणावलं की तिकडे बघू नका. मी अर्थात पाहिलं.

"चौतीस वर्षांत अजून काय काय खोटं सांगितलंत?" अंबा त्याला विचारत होती. "आता असकें सांगून टाका. सहा दिवस आहेत."

त्यानं खरोखरच विचार केला. बराच केला.

"डांगर," तो म्हणाला.

आता डांगर म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वरून फोडणी. आमच्या तंजावुरी घरांत त्याच्याशिवाय पंगत उठत नाही, आणि ज्या बाईच्या हातचं डांगर बिघडलं तिचं नाव बिघडलं.

"डांगराचं काय?"

"तुझ्या हातचं मला आवडत नाही. पहिल्या दिवसापासून."

अंबानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सोमवारपासून तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हाही फार हललं असं नाही. डाव्या गालाजवळ थोडंसं.

"तिरुच्चीहून आले की रोज तेच करीन," ती म्हणाली.

"कर," विश्वेश म्हणाला. "रोज कर."